आशियाई चषकात भारत: गोल करणार कोण?

मुंबईतील एका महाविद्यालयीन फुटबॉल संघाच्या व्यवस्थापकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १९६४ साली आशियाई चषकात उपविजेता ठरलेला भारतीय संघ २०२७ च्या सौदी अरेबियातील स्पर्धेसाठी साधा पात्रही का ठरू शकला नाही, यात दोष प्रशिक्षकांचा की खेळाडूंच्या कुवतीचा, आणि यापुढच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीची अपेक्षा धरावी का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो. उपांत्यपूर्व फेरीची अपेक्षा धरू नये. पात्र ठरणे आणि गटातून कसेबसे का होईना बाद फेरीत पोहोचणे, एवढे उद्दिष्ट मात्र अवास्तव नाही. मुंबईत वयोगटांतील संघ घडवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे उरलेल्या प्रश्नाकडे मी प्रशिक्षकाच्या नजरेनेच पाहणार. महासंघाच्या राजकारणावर बोलणारे पुष्कळ आहेत.

आधी हिशेब मांडू. भारत आजवर पाच वेळा मुख्य स्पर्धेत खेळला: १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि २०२३ ची म्हणून ओळखली जाणारी, पण प्रत्यक्षात जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेली स्पर्धा. या पाच स्पर्धांत मिळून १६ सामने झाले. त्यांपैकी ३ जिंकले, १ बरोबरीत सुटला आणि १२ गमावले. भारताने ३३ गोल स्वीकारले आणि १२ केले. स्वीकारलेल्या गोलांबद्दल आपल्याकडे भरपूर चर्चा होते. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा. हे १२ गोल केवळ पाच सामन्यांत झाले आहेत, म्हणजे उरलेल्या ११ सामन्यांत भारताला एकदाही गोल करता आलेला नाही. १९६४ नंतर झालेल्या ७ गोलांपैकी ४ एकट्या सुनील छेत्रीचे आहेत. आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या आकड्यांतच दडलेले आहे.

१९६४ च्या उपविजेतेपदाबद्दल बोलताना थोडे सावध राहावे लागते. इस्रायलमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत चारच संघ होते आणि गटातील इतर देशांनी माघार घेतल्यामुळे भारताला पात्रता फेरीत एकही सामना खेळावा लागला नव्हता. चुनी गोस्वामींच्या नेतृत्वाखालील संघाने दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असे हरवले, यजमान इस्रायलकडून ०-२ अशी हार पत्करली आणि साखळीत दुसरे स्थान मिळवले. इंदर सिंग यांनी दोन गोल केले. चार संघांतले दुसरे स्थान म्हणून ते हिणवणारे लोक मला भेटतात, पण ते अर्धेच खरे बोलतात. याच पिढीने दोनच वर्षांपूर्वी जकार्तामध्ये त्याच दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई खेळांचे सुवर्णपदक मिळवले होते. त्याआधी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला होता आणि तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक नोंदवणारे नेव्हिल डिसूझा मुंबईत टाटांच्या संघातून खेळत. वांद्र्याच्या ज्या मैदानाला त्यांचे नाव आहे, तेथे सराव करणाऱ्या किती मुलांना ते कोण होते हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे. सांगायचे एवढेच, की त्या काळी भारत आशियात वरचढ होता तो नशिबाने नव्हे. सय्यद अब्दुल रहीम यांच्यासारखा काळाच्या पुढचा प्रशिक्षक, गोल करू शकणारे तीन-चार आघाडीपटू एकाच संघात, आणि कोलकाता, हैदराबाद, मुंबई या शहरांत वर्षभर रंगणाऱ्या स्थानिक लीग, असे सगळे त्या वेळी जुळून आले होते.

रहीम साहेब १९६३ मध्ये गेले. देशांतर्गत सामने ७० मिनिटांचे असण्याची पद्धत पुढेही बराच काळ चालू राहिली, आणि ज्या आशियाई देशांना आपण हरवत होतो त्यांनी व्यावसायिक लीग उभ्या केल्या. १९७० चे आशियाई कांस्यपदक हे त्या वैभवाचे शेवटचे दर्शन. १९८४ मध्ये मिलोवान चिरिच यांच्या मार्गदर्शनाखाली भारत सिंगापूरला गेला तेव्हा चार सामन्यांत इराणविरुद्धची ०-० बरोबरी एवढीच कमाई झाली. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आणि चीन या तिघांकडून पराभव आणि एकही गोल नाही. सुनील छेत्रीचा जन्मही त्याच वर्षीचा. त्याच्या पिढीने भारताला पुन्हा या स्पर्धेत नेईपर्यंत २०११ साल उजाडले.

२०११ ची पात्रता एएफसी चॅलेंज चषकाच्या वाटेने आली. २००८ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर ताजिकिस्तानला ४-१ हरवताना छेत्रीने हॅट्ट्रिक केली आणि खालच्या दर्जाच्या देशांसाठी ठेवलेल्या त्या दारातून आपण आत शिरलो. बॉब हॉटन यांनी लांबलचक शिबिरे घेऊन संघ बांधला. तरी ऑस्ट्रेलियाने ४, बहरीनने ५ आणि दक्षिण कोरियाने ४ गोल केले. गोलरक्षक सुब्रत पाल याचे कौतुक झाले ते इतके गोल होऊनही झाले, यावरूनच त्याच्यावर किती मारा झाला असेल ते समजते. मात्र बहरीनविरुद्ध २ आणि कोरियाविरुद्ध १ असे तीन गोल भारतानेही केले. माझ्या मते शिबिराने बचाव शिकवता येतो, ही समजूत त्या स्पर्धेने खोटी ठरवायला हवी होती. ती ठरवली नाही, आणि पुढची दहा-बारा वर्षे आपण त्याच समजुतीवर काढली.

२०१९ या वर्षावर जरा थांबतो, कारण आजचे निष्कर्ष त्या तीन सामन्यांत आधीच दिसून गेले होते. स्पर्धा २४ संघांची झाली होती आणि गटातले पहिले दोन संघ व तिसऱ्या स्थानावरच्या संघांतले चार सर्वोत्तम, असे १६ संघ पुढे जाणार होते. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या संघाने पहिल्या सामन्यात थायलंडला ४-१ असे लोळवले. थायलंडने त्या पराभवानंतर प्रशिक्षकालाच घरी पाठवले. दुसऱ्या सामन्यात अमिरातीविरुद्ध भारताने दोनदा गोलची चौकट हादरवली, छेत्रीला संधी मिळाल्या, आणि निकाल लागला ०-२. तिसऱ्या सामन्यात बहरीनविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. बचावपटू अनस एडाथोडिका पहिल्या काही मिनिटांतच जायबंदी होऊन बाहेर गेला, भारत मागे मागे सरकत गेला आणि भरपाई वेळेत प्रणय हलदरच्या चुकीमुळे मिळालेल्या पेनल्टीवर बहरीनने सामना आणि भारताची वाट, दोन्ही बंद केले.

त्या सामन्याच्या चित्रफिती मी प्रशिक्षण वर्गांत दाखवतो आणि पेनल्टी दाखवतच नाही. दाखवतो तो उत्तरार्धातला नमुना. भारताचा बचावपटू चेंडू हिसकावतो आणि मान वर करतो, तर पुढे निळा शर्ट एकच, तोही गोलकडे पाठ करून आणि दोन बचावपटूंच्या कचाट्यात. मग लांब फटका, चेंडू परत बहरीनकडे, पुन्हा हल्ला. चेंडू पुढे धरून ठेवणारा कोणी नसेल तर बचावफळीला श्वास घ्यायला मिळत नाही आणि कितीही शिस्तीची बचावफळी ८० व्या मिनिटानंतर चुका करू लागते. बरोबरीसाठी खेळणे ही चूक नव्हती. बरोबरी टिकवण्यासाठीही पुढे एक आघाडीपटू लागतो, तो नव्हता.

कॉन्स्टंटाइन यांच्यानंतर प्रशिक्षक झालेल्या इगोर स्टिमाच यांच्या काळाबद्दल माझे मत बहुतेकांपेक्षा थोडे सौम्य आहे. २०२३ मध्ये इंफाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेन्टल चषक आणि बंगळुरूची सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धा, अशी तीन विजेतेपदे भारताने मिळवली आणि जागतिक क्रमवारीत संघ ९९ व्या स्थानापर्यंत पोहोचला. पण तिन्ही स्पर्धा घरच्या मैदानांवर होत्या, हे आपण विसरलो. कतारमध्ये ऑस्ट्रेलियाला मध्यंतरापर्यंत ०-० रोखून धरल्यावर ०-२, उझबेकिस्तानकडून पूर्वार्धातच तीन गोल खाऊन ०-३ आणि सीरियाकडून ०-१, असा हिशेब झाला. अन्वर अलीसारखे खेळाडू दुखापतीमुळे नव्हते, तयारीला वेळ अपुरा मिळाला, या सबबी खोट्या नाहीत. मात्र तीन सामन्यांत शून्य गोल हा बचावपटूंच्या दुखापतींचा परिणाम नसतो.

आता २०२७ च्या पात्रतेकडे येऊ. याची कथा दोन भागांत आहे आणि लोक बहुधा दुसराच भाग सांगतात. विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतील गटातून पहिल्या दोन संघांना आशियाई चषकात थेट प्रवेश होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारताने कुवेतला त्यांच्याच देशात १-० हरवले, तेव्हा ते दार जवळजवळ उघडे होते. मग अफगाणिस्तानविरुद्ध एक गोलशून्य बरोबरी आणि गुवाहाटीत १-२ पराभव. जून २०२४ मध्ये दोहा येथे कतारविरुद्ध आघाडीपटू लालियानझुआला छांगतेच्या गोलमुळे भारत आघाडीवर होता आणि ७३ व्या मिनिटाला झालेल्या कतारच्या बरोबरीच्या गोलाआधी चेंडू सीमारेषेबाहेर गेलेला होता. पंचांनी तो गोल दिला, पुढे आणखी एक झाला आणि सामना १-२ असा सुटला. तो अन्याय होता, यात वाद नाही. परंतु अफगाणिस्तानविरुद्धच्या १८० मिनिटांत एकच गोल, तोही पेनल्टीवर, करणाऱ्या संघाने पंचाकडे बोट दाखवताना आवाज जरा खाली ठेवावा, असे माझे मत आहे.

दुसरा भाग अधिक लाजिरवाणा आहे. तिसऱ्या फेरीच्या गटात बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर होते आणि मानांकनानुसार भारत सोडतीत पहिल्या, म्हणजे वरच्या मानांकनाच्या संघांच्या, भांड्यातला होता. मानोलो मार्केझ यांच्याकडे सूत्रे असताना शिलाँगमध्ये बांगलादेशविरुद्ध ०-० आणि हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. मुंबई एफसीचे अनेक वर्षे प्रशिक्षक राहिलेले, आयझॉलला आय-लीग जिंकून देणारे खालिद यांना मुंबईच्या फुटबॉलमध्ये ओळखत नाही असा माणूस विरळा, आणि भारतीय प्रशिक्षकाला हे पद तपाहून अधिक काळाने मिळाले याचा येथे सगळ्यांना आनंद झाला. मध्य आशियाई संघटनेच्या नेशन्स चषकात त्यांनी ओमानला पेनल्टी शूटआउटवर हरवून तिसरे स्थानही मिळवले. पण पात्रतेत सिंगापूरमध्ये ९० व्या मिनिटाला रहीम अलीने केलेल्या गोलमुळे १-१, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर १-२ आणि ढाक्यात ०-१. पहिल्या पाच सामन्यांत दोन गोल. प्रशिक्षक तीन आणि आजार तोच. यावरून आपल्या प्रश्नातील ‘दोष प्रशिक्षकांचा का’ या भागाचे उत्तर मिळावे.

फातोर्ड्याच्या सामन्यात १४ व्या मिनिटाला छांगतेने बॉक्सबाहेरून डाव्या पायाने जो गोल केला, तसा गोल कोणत्याही देशाला शोभला असता. त्यानंतर सिंगापूरच्या सोंग उई-यंगने मध्यंतराच्या तोंडावर एक आणि ५८ व्या मिनिटाला दुसरा गोल केला. हा सोंग मूळचा दक्षिण कोरियाचा, सिंगापूरचे नागरिकत्व घेतलेला. हाँगकाँगसाठी पेनल्टी मारणारा स्टेफन परेरा मूळचा ब्राझीलचा. बांगलादेशसाठी पदार्पणातच शिलाँगमध्ये भारताची मध्यफळी गुंडाळून ठेवणारा हमझा चौधरी इंग्लंडमध्ये वाढलेला. आपल्या गटातील तिन्ही देशांनी बाहेर घडलेला खेळाडू आणून नेमकी आपली उणीव भरून काढली होती. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारतीय पारपत्र असल्याशिवाय देशाकडून खेळता येत नाही, त्यामुळे आपल्याला हा मार्ग अरुंद आहे. पूर्वी महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराता याने जपानचे नागरिकत्व सोडून तो चोखाळला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा रायन विल्यम्स, ज्याच्या आईकडचे कुटुंब मूळ मुंबईचे, त्याच वाटेने आला. मी अशा खेळाडूंच्या विरोधात नाही, उलट त्यांचे स्वागतच करतो. फक्त दोन-तीन असे खेळाडू आल्याने पुढच्या वीस वर्षांची सोय होईल, असे कोणी सांगू लागले तर ते पटत नाही.

गोल करणारा का घडत नाही, याचे एक कारण वर आहे आणि एक खाली. वरचे कारण सर्वज्ञात आहे. इंडियन सुपर लीगमधील बहुतेक क्लब मधल्या आघाडीपटूची जागा परदेशी खेळाडूला देतात. एका वेळी मैदानात उतरवता येणाऱ्या परदेशी खेळाडूंची संख्या सहावरून टप्प्याटप्प्याने चारवर आली, तरी त्या चारांपैकी एक आघाडीवर असतोच, कारण क्लबच्या प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या तीन सामन्यांवर अवलंबून असते. त्यामुळे गुणी भारतीय आघाडीपटू बगलेवर ढकलला जातो किंवा बाकावर बसतो. २०२४-२५ च्या मोसमात सर्वाधिक गोल करणारा भारतीय खेळाडू चाळिशीतला छेत्री होता, त्याने १४ गोल केले. आंतरराष्ट्रीय निवृत्तीनंतर त्याला राष्ट्रीय संघात पुन्हा बोलवावे लागले, यात आश्चर्य कसले? त्यात २०२५ च्या उत्तरार्धात व्यापारी हक्कांच्या तिढ्यामुळे लीगच वेळेवर सुरू झाली नाही आणि राष्ट्रीय संघातले खेळाडू सामन्यांच्या सरावाविना पात्रतेचे सामने खेळले.

खालचे कारण मी रोज पाहतो. मुंबईतला तेरा वर्षांचा मुलगा आज बहुतेक फुटबॉल खेळतो तो तासावर भाड्याने मिळणाऱ्या, जाळीने बंदिस्त केलेल्या टर्फवर, पाच किंवा सहा जणांच्या संघात. त्याने चेंडूवरचा ताबा सुधारतो, हे खरे. पण त्या लहानशा चौकोनात बगलेवरून येणारा क्रॉस नसतो, बचावपटूच्या पाठीमागे धावण्याइतकी जागा नसते आणि चेंडू हवेतून येणार कधी याचा अंदाज बांधण्याची वेळच येत नाही. तोच मुलगा आझाद मैदानावर शालेय सामन्यात अकराच्या संघात उतरतो तेव्हा काय होते ते पाहण्यासारखे आहे. उजवीकडून चेंडू बॉक्समध्ये येतो, मुलगा तो पायाखाली घेतो, छान घेतो, एकदा सारखा करतो, दुसऱ्यांदा आवडत्या पायावर घेतो आणि तोवर बचावपटूचा पाय मध्ये आलेला असतो. टर्फवर त्या दुसऱ्या स्पर्शाला माफी असते, कारण भिंतीला आपटून चेंडू परत येतो. बाजूरेषेवरून पालक ‘मार, मार’ म्हणून ओरडत राहतात आणि त्या ओरडण्याने तो आणखी गोंधळतो. पहिल्या स्पर्शातच फटका मारायचा की चेंडू थांबवायचा, हा निर्णय चेंडू येण्याआधी झालेला असावा लागतो, आणि तो निर्णय सामन्यांतच शिकला जातो. बाद पद्धतीच्या शालेय स्पर्धेत पहिल्याच दिवशी हरलेल्या संघाला त्या वर्षी दुसरा सामना मिळत नाही. मग तो शिकणार कधी?

या बाबतीत मुंबईपेक्षा कोल्हापूर सुदैवी आहे, असे मी तेथील मंडळींना नेहमी सांगतो. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ हजारो प्रेक्षकांसमोर मोठ्या मैदानावर खेळतात आणि गोल चुकवल्यास दुसऱ्या दिवशी पेठेत तोंड दाखवायची चोरी होते. तेथून १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव हा आघाडीपटू निघाला, हा योगायोग मी मानत नाही. मुंबईने अलीकडे दिला तो राहुल भेके, २०२४ च्या आशियाई चषकात खेळलेला आणि अर्थातच बचावपटू. मुंबईत गिरण्या, बँका, रेल्वे, विमान कंपन्या यांचे संघ जोरात असताना कूपरेजवर मोसमभर लीग चालत असे आणि रोव्हर्स चषकासाठी देशभरातले संघ येत. तो चषक २००१ नंतर झालाच नाही, महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. नोकरी देणारे संघ गेले तसे वीस ते तेवीस या वयात खेळत राहण्याचे कारणही गेले, आणि आघाडीपटू पिकतो तो नेमका त्याच वयात.

पुढच्या शक्यतांबद्दल बोलताना एक तांत्रिक बाब लक्षात घ्यावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारत जागतिक क्रमवारीत १४२ व्या स्थानी घसरला. सोडत क्रमवारीनुसार होते, म्हणजे यापुढच्या पात्रतेत आपल्याला आजच्यापेक्षा अवघड गट मिळण्याची शक्यता आहे. म्हणून मित्रत्वाचे सामने कोणाशी आणि कोठे खेळतो याला मोल येते. घरच्या मैदानावर दुबळ्या संघांशी खेळून मिळवलेले गुण कतारमध्ये उपयोगी पडले नाहीत. दुसरीकडे आशियातली दरीही रुंदावते आहे. उझबेकिस्तानने २०२३ मध्ये २० वर्षांखालील आणि २०२५ मध्ये १७ वर्षांखालील आशियाई स्पर्धा जिंकली आणि त्यांचा वरिष्ठ संघ २०२६ च्या विश्वचषकासाठी प्रथमच पात्र ठरला. जॉर्डनही. या दोन देशांची लोकसंख्या एकत्र केली तरी महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी भरेल, त्यामुळे ‘एवढ्या मोठ्या देशात अकरा खेळाडू मिळत नाहीत का’ हा आपल्याकडचा आवडता सवाल निरर्थक आहे. आपल्याच महिला संघाने जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्या देशात २-१ हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली आणि दोन्ही गोल संगीता बासफोर या मध्यफळीतल्या खेळाडूने केले. तेथेही आघाडीचा प्रश्न सुटलेला नाही, पण निदान पुढे जाऊन खेळण्याची हिंमत दिसली.

तेव्हा आपल्या संघाच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने एवढेच सुचवेन, की पुढच्या मोसमात मुलांना टर्फवरच्या स्पर्धांपेक्षा अकराच्या साखळी सामन्यांत उतरवावे, निकाल वाईट लागले तरी. आणि राष्ट्रीय संघाची पुढची यादी जाहीर झाली की प्रशिक्षकाचे नाव किंवा खेळण्याची पद्धत यांच्या चर्चेत पडण्याआधी त्यातल्या आघाडीपटूंची नावे घेऊन एकच गोष्ट तपासावी: त्यांच्यापैकी किती जण आपापल्या क्लबसाठी मधल्या आघाडीच्या जागेवर सुरुवातीपासून खेळले आहेत. ती संख्या एक असेल तर पात्रतेचे सामने पुन्हा ०-० आणि ०-१ असेच वाचायला मिळतील. तीन असेल तर बाद फेरीबद्दल बोलायला हरकत नाही.